मार्गारेट हॅमिल्टन आणि अपोलोचं सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी २० जुलै, म्हणजे अपोलो ११ चंद्रावर उतरल्याचा दिवस आला, की कागदांच्या थप्पीशेजारी उभ्या असलेल्या त्या चष्मेवाल्या बाईंचा फोटो ग्रुपवर फिरायला लागतो. महिला दिनाला पुन्हा एकदा फिरतो. फोटोखालच्या चार ओळींत अर्धं खरं आणि अर्धं पदरचं असतं, आणि मग प्रश्न येतात. तेच तेच येत राहिलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मार्गारेट हॅमिल्टन नेमक्या कोण?

अमेरिकन सॉफ्टवेअर इंजिनिअर. जन्म १७ ऑगस्ट १९३६, इंडियाना राज्यातल्या पाओली या गावी. चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलो यानांत जो कॉम्प्युटर बसवलेला होता, त्याचं सॉफ्टवेअर एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत तयार झालं. या कामात हॅमिल्टन आधी प्रोग्रॅमर होत्या. पुढे मुख्य यानाच्या, म्हणजे कमांड मॉड्यूलच्या प्रोग्रॅमिंगच्या त्या प्रमुख झाल्या आणि नंतर लॅबच्या संपूर्ण सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग विभागाच्या. अपोलो ११ उतरलं तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. ती लॅब आता ड्रेपर लॅबोरेटरी म्हणून ओळखली जाते.

२. तो थप्पीवाला फोटो खरा आहे का? तेवढा सगळा कोड त्यांनी एकटीने लिहिला?

फोटो अस्सल आहे. १९६९ साली लॅबच्याच फोटोग्राफरने काढलेला. थप्पी त्यांच्या उंचीएवढी आहे हेही खरं. पण ‘एकटीने’ हे साफ चूक, आणि ‘हाताने लिहिलेला’ हेही. ते कॉम्प्युटरवरून छापून काढलेले लिस्टिंगचे गठ्ठे आहेत, कमांड मॉड्यूल आणि चंद्रावर उतरणारं लुनार मॉड्यूल या दोन्ही यानांचे. एकेका प्रोग्रॅमचं लिस्टिंगच दीड-पावणेदोन हजार पानांचं भरायचं. हॅमिल्टन यांनी स्वतःही ते ‘मी आणि माझ्या टीमने केलेलं काम’ असंच सांगितलं आहे. एकटीचं श्रेय त्यांच्या पदरात टाकलं ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी.

प्रोग्रॅमर कागदावर लिहीत, त्यावरून पंचकार्डं तयार होत, ती लॅबमधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर चढवली जात आणि मग हे गठ्ठे छापून येत. चूक शोधायची तर पेन्सिल घेऊन या गठ्ठ्यांत डोकं घालायचं.

३. मग बाकीचे कोण होते? आणि हॅमिल्टन यांचा वाटा कसा ठरवायचा?

१९६८ च्या सुमारास, काम अगदी भरात असताना, सॉफ्टवेअरवर साडेतीनशेच्या आसपास माणसं होती. हॅल लॅनिंग यांनी कॉम्प्युटरमधली कामं प्राधान्याने लावणारी व्यवस्था रचली. ॲलन क्लम्प यांनी चंद्रावर उतरण्याची समीकरणं बसवली. डॉन आइल्स यांनी उतरण्याच्या प्रोग्रॅमचा मोठा भाग लिहिला. रिचर्ड बॅटिन हे दिशादर्शनाच्या गणिताचे धुरंधर.

हॅमिल्टन यांच्या जागेचा पुरावा खुद्द कोडमध्येच आहे. अपोलो ११ च्या कमांड मॉड्यूलचा प्रोग्रॅम ‘कोमांची ०५५’ नावाने जतन झाला आहे. त्याच्या सुरुवातीला मंजुरीचं पान आहे. त्यावर नासाचा करार क्रमांक आहे आणि खाली एकाखाली एक सह्यांची नावं. पहिलंच नाव मार्गारेट एच. हॅमिल्टन, हुद्दा ‘कोलोसस प्रोग्रॅमिंग लीडर’, तारीख २८ मार्च १९६९. कोलोसस हे कमांड मॉड्यूलच्या सॉफ्टवेअरचं नाव. त्यांच्याखाली मंजुरी देणारे, त्यांच्याहून वरच्या हुद्द्यांवरचे सगळे पुरुष. प्रोग्रॅम त्यांनी सादर केला आणि वरिष्ठांनी मंजूर केला, एवढं ते पान सांगतं. फोटोपेक्षा मला हा कागद जास्त बोलका वाटतो.

४. त्या कॉम्प्युटर सायन्स शिकल्या होत्या का?

नाही. तेव्हा तो विषय कॉलेजात शिकवतच नव्हते म्हटलं तरी चालेल. १९५८ साली अर्लहॅम कॉलेजातून त्यांनी गणितात पदवी घेतली. पुढे अमूर्त गणितात शिकायचा विचार होता. पण नवरा हार्वर्डला कायदा शिकत होता, घर चालवायला नोकरी हवी होती, म्हणून १९५९ मध्ये एमआयटीत एडवर्ड लोरेंझ यांच्याकडे हवामानाचे प्रोग्रॅम लिहायला लागल्या. हे तेच लोरेंझ, पुढे केऑस सिद्धांतासाठी गाजलेले. प्रोग्रॅमिंग त्या तिथे, एलजीपी-३० नावाच्या टेबलाएवढ्या मशिनवर, काम करता करता शिकल्या.

मग १९६१ ते १९६३ लिंकन लॅबमध्ये सेज हा प्रकल्प. शत्रूची विमानं रडारवर ओळखण्याची ती लष्करी यंत्रणा. तिथे नव्या माणसाच्या गळ्यात एक ठरावीक प्रोग्रॅम मारायची पद्धत होती. तो कुणालाच कळलेला नव्हता, कुणी चालवूनही दाखवलेला नव्हता, आणि लिहिणाऱ्याने त्यातल्या टिपा गंमत म्हणून ग्रीक आणि लॅटिनमध्ये घातल्या होत्या. हॅमिल्टन यांनी तो चालवून दाखवला. उत्तरंही ग्रीक-लॅटिनमध्येच छापून आली.

५. घरी लहान मुलगी असताना हे सगळं कसं जमवलं?

लॉरेन १९५९ ची. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी आई तिला लॅबमध्ये घेऊन यायची. पोर जमिनीवर झोपायची, आई कोड लिहायची. ‘मुलीला टाकून कामाला कशी येतेस?’ हे विचारणारे तिथेही होतेच. हीच लॉरेन पुढे एका महत्त्वाच्या गोष्टीचं निमित्त झाली, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

६. तो कॉम्प्युटर केवढा होता? आजच्या मोबाइलपेक्षाही कमी ताकदीचा म्हणतात.

खूपच कमी. अपोलो गायडन्स कॉम्प्युटर सुमारे ३२ किलो वजनाचा. कायमच्या मेमरीत ३६,८६४ शब्द आणि खोडून पुन्हा लिहिता येण्याजोग्या मेमरीत फक्त २,०४८. इथे ‘शब्द’ म्हणजे १६ बिटांचा एक संच. आजच्या मापात साधारण ७२ केबी आणि ४ केबी. मेमरीचा एक फेरा, म्हणजे एकदा वाचून-लिहिण्याचा वेळ, ११.७ मायक्रोसेकंदांचा.

पण ताकदीची तुलना इथे फारशी कामाची नाही. हा कॉम्प्युटर एकाच वेळी यानाची दिशा सांभाळत होता, इंजिन चालवत होता, रडार वाचत होता आणि माणसाशी बोलतही होता. जे काम वेळेत व्हायला हवं ते वेळेतच करायचं ही त्याची अट होती. आपला मोबाइल अडकला तर आपण दोन मिनिटं थांबतो.

७. अपोलोचा प्रोग्रॅम ‘विणलेला’ होता असं वाचलं. म्हणजे काय?

अक्षरशः विणलेला. कायमची मेमरी म्हणजे छोट्या चुंबकीय कड्यांची रांग आणि त्यांतून जाणाऱ्या बारीक तारा. तार कडीच्या आतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. एका मॉड्यूलमध्ये ५१२ कड्या आणि त्यांत ६,१४४ शब्द. अशी सहा मॉड्यूल. हे काम मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅमला रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका करत. त्यांतल्या कित्येकजणी आधी कापडगिरण्यांत आणि घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या. पंच केलेल्या पट्टीवर चालणारं मशिन योग्य कडी समोर आणून ठेवायचं, आणि बाई सुई त्यातून पलीकडे बसलेल्या जोडीदारणीला द्यायची.

विणायला काही आठवडे लागत. एकदा विणलं की बदल नाही. त्यामुळे उड्डाणाच्या बरंच आधी सॉफ्टवेअर ‘गोठवावं’ लागे. नंतर चूक सापडली तर ती कागदावर टीप म्हणून अंतराळवीरांना सांगायची, दुसरा उपाय नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला एक जबाबदार व्यक्ती असे, तिला ‘रोप मदर’ म्हणत, मग तो पुरुष का असेना.

८. अंतराळवीर त्या कीबोर्डवर काय टाइप करायचे?

फक्त आकडे. डिस्की नावाच्या त्या फलकावर अक्षरं टाइप करायची सोयच नव्हती. दोन आकडी ‘क्रियापद’ आणि दोन आकडी ‘नाम’: काय करायचं आणि कशाचं. क्रियापद १६ म्हणजे ‘दशमानात सतत दाखवत राहा’, नाम ६८ म्हणजे उतरायच्या जागेपर्यंतचं अंतर आणि त्याबरोबरचे दोन आकडे. क्रियापद ३७ दाबून पुढे प्रोग्रॅमचा क्रमांक दिला, की तो प्रोग्रॅम सुरू. ही दोन्ही उदाहरणं लक्षात ठेवा, प्रश्न ९ आणि ११ मध्ये लागतील.

९. त्यांच्या छोट्या मुलीने सिम्युलेटर बंद पाडला, ही गोष्ट खरी का?

हॅमिल्टन यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. आईचं बघून लॉरेन ‘अंतराळवीर-अंतराळवीर’ खेळत सिम्युलेटरवर, म्हणजे खोटं उड्डाण करून बघायच्या यंत्रावर, डिस्कीची बटणं दाबत होती. ‘उड्डाण’ चालू असताना तिने पी०१ निवडला. पी०१ म्हणजे यान अजून लाँचपॅडवर उभं असताना चालवायचा प्रोग्रॅम. सगळं कोलमडलं.

आईने वरिष्ठांना सांगितलं, की उद्या खरा अंतराळवीरही हे करू शकतो, तर चुकीचा प्रोग्रॅम नाकारणारी तपासणी कोडमध्ये घालू या. उत्तर आलं: अंतराळवीर प्रशिक्षित असतात, ते चुकत नाहीत. शेवटी ‘उड्डाणात पी०१ निवडू नये’ अशी टीप तेवढी कागदपत्रांत गेली.

डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राला वळसा घालून परत येत होतं. अंतराळवीर जिम लव्हेल ताऱ्यांवरून दिशा घेत होते. त्यांना ०१ क्रमांकाचा तारा द्यायचा होता, दिला गेला प्रोग्रॅम ०१. आपण पुन्हा पृथ्वीवर लाँचपॅडवर उभे आहोत अशी कॉम्प्युटरने समजूत करून घेतली आणि दिशादर्शनाची माहिती पुसली गेली. लॅबमध्ये धावाधाव झाली. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून नवे आकडे वर पाठवले गेले, लव्हेल यांनी ताऱ्यांवरून यानाची दिशा पुन्हा जुळवली आणि सगळे सुखरूप परतले. त्यानंतर मात्र ती तपासणी कोडमध्ये घालायला परवानगी मिळाली.

माणूस चुकणारच असं धरून कोड लिहायचा, हा हॅमिल्टन यांचा हेका पुढेही सुटला नाही. स्वतःलाही त्या यातून वगळत नव्हत्या. एकदा रात्री उशिरा पार्टीत असताना आपल्या कोडमधली चूक त्यांच्या ध्यानात आली आणि ती दुरुस्त करायला त्या तशाच लॅबमध्ये परतल्या.

१०. १२०२ अलार्म म्हणजे काय?

२० जुलै १९६९. अपोलो ११ चं लुनार मॉड्यूल ‘ईगल’ चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर असताना डिस्कीवर १२०२ चमकला. याचा अर्थ: नवीन काम आलं आहे, पण त्यासाठी मेमरीत मोकळी जागा नाही. १२०१ हा त्याचाच भाऊ, दुसऱ्या प्रकारच्या जागेसाठी. उतरताना १२०२ चारदा आणि १२०१ एकदा वाजला.

अलार्मनंतर कॉम्प्युटर काय करत होता? एकट्या माणसाने स्वयंपाक करताना दूध उतू जायला लागलं तर तो पोळी तव्यावरून उतरवतो आणि आधी दुधाकडे धावतो, तसं. हातातली सगळी कामं टाकून क्षणात पुन्हा सुरू व्हायचं. इंजिन, दिशा, उंची ही जिवावरची कामं जिथे सोडली होती तिथून उचलायची, बिनमहत्त्वाची सोडून द्यायची.

ह्यूस्टनमध्ये निर्णय स्टीव्ह बेल्स यांचा होता, वय २६. त्यांना मागच्या खोलीतून आधार देणारे जॅक गारमन, वय २४. जुलैच्याच सुरुवातीला एका सरावात असाच अलार्म मुद्दाम दिला गेला होता आणि बेल्स यांनी उतरणं रद्द करायला सांगितलं होतं, विनाकारण. त्यानंतर गारमन यांनी सगळ्या अलार्मची हाताने यादी लिहून टेबलावर ठेवली होती. खऱ्या दिवशी तीच कामी आली.

११. पण जागा संपली कशी? चूक कोणाची?

इथे थोडं खोलात जावं लागेल. लुनार मॉड्यूलमध्ये दोन रडार होते. एक उतरण्यासाठी, दुसरा मुख्य यानाशी पुन्हा गाठ घालण्यासाठी. दुसऱ्याचा उतरताना उपयोग नव्हता, पण अचानक परत फिरावं लागलं तर हाताशी असावा म्हणून तो चालू होता. त्याचा स्विच ज्या स्थितीत होता त्या स्थितीत रडारचा वीजपुरवठा आणि कॉम्प्युटरकडचा वीजपुरवठा यांची वारंवारता जुळत होती, पण लय जुळत नव्हती, म्हणजे दोन्हींच्या लाटा एकाच क्षणी वरखाली होत नव्हत्या. त्यामुळे रडारचा अँटेना स्थिर असूनही कोन बदलतोय असे खोटे संकेत सेकंदाला हजारोंनी कॉम्प्युटरकडे येऊ लागले. प्रत्येक संकेत मोजायला एक फेरा खर्च. कॉम्प्युटरचा १३ ते १५ टक्के वेळ नुसता यातच गेला.

उतरण्याचं मुख्य गणित दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू होई. वेळ कमी पडला तसं आधीचं गणित संपायच्या आत पुढचं दारात हजर. अशी अर्धवट कामं साठत गेली आणि जागा संपली. त्यात ‘ईगल’मधले अंतराळवीर ऑल्ड्रिन यांनी १६-६८ दाबून (प्रश्न ८) अंतराचे आकडे सतत मागितले की भार आणखी वाढे, आणि हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं.

हॅमिल्टन यांनी १९७१ मध्ये ‘डेटामेशन’ मासिकाला लिहिलेल्या पत्रात दोष चेकलिस्टला दिला होता: स्विच चुकीच्या जागी ठेवायला सांगितलं गेलं. त्यांच्याच काही सहकाऱ्यांचं नंतरचं विश्लेषण वेगळं आहे: स्विच ठरल्याप्रमाणेच होता, मूळ दोष दोन वीजपुरवठ्यांच्या जोडणीत होता. मला दुसरं मत जास्त पटतं. कारण लय जुळलेली असती तर स्विच त्याच जागी असूनही काही बिघडलं नसतं.

१२. म्हणजे हॅमिल्टन यांनी अपोलो ११ वाचवलं असं म्हणायचं का?

एकट्या कुणाचंच नाव घेता येत नाही. प्राधान्याची मूळ रचना लॅनिंग यांची, पुन्हा सुरू होण्याची व्यवस्था अनेकांच्या हातची. हॅमिल्टन यांचा स्वतःचा खास वाटा ‘प्रायॉरिटी डिस्प्ले’चा: आणीबाणीत कॉम्प्युटरने अंतराळवीरासमोरचे नेहमीचे आकडे बाजूला सारून धोक्याची सूचना पुढे आणायची. तोवर माणूस विचारेल तेव्हाच यंत्र उत्तर द्यायचं. इथे यंत्र मधेच बोलायला लागलं. यात एक धोका होता: अंतराळवीर एका पडद्याचं उत्तर टाइप करत असतानाच पडदा बदलला तर उत्तर भलत्याच प्रश्नाला जाईल. म्हणून सूचना आली की पाच मोजून मग बटण दाबायचं, असा नियम घालून देण्यात आला.

१३. उड्डाणात एकही बग आला नाही, हे खरं का?

‘बग’ कशाला म्हणता त्यावर आहे. माणसं असलेल्या अपोलो मोहिमांत उड्डाणादरम्यान सॉफ्टवेअरचा बग आढळला नाही, असं हॅमिल्टन म्हणत आल्या आहेत. अपोलो ८ चा प्रसंग बटण दाबणाऱ्याच्या नावावर आणि १२०२ हार्डवेअरच्या नावावर टाकला, तर हे बरंचसं टिकतं.

पण एक भानगड उरतेच. अपोलो ११ च्या नोंदी तपासताना दिसलं, की उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात इंजिनाचा जोर विनाकारण खालीवर होत होता. इंजिनाला हुकूम मानायला लागणारा वेळ कागदपत्रांत ०.३ सेकंद दिला होता. इंजिन सुधारल्यावर तो ०.०७५ वर आला, कागद मात्र जुनाच राहिला. कोडमध्ये भरपाई केली होती ०.२ सेकंदांची. कागदावर विसंबून ०.३ ची केली असती तर इंजिन बेताल झालं असतं. कोड लिहिणारा चुकला नव्हता, दोन विभागांच्या मधला कागद चुकला होता.

पुढे हॅमिल्टन यांनी अपोलोत सापडलेल्या चुकांची वर्गवारी केली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश चुका अशाच, दोन भागांच्या सांध्यावरच्या निघाल्या.

१४. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द त्यांचाच का?

त्या अपोलोच्या काळात तो आग्रहाने वापरत होत्या, आणि सुरुवातीला सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली, असं त्यांनी सांगितलं आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश इथे नाटोची परिषद याच नावाने भरली. १९६६ मध्ये अँथनी ओटिंगर यांच्या लिखाणातही तो सापडतो. तेव्हा ‘रुजवणाऱ्यांपैकी एक’ म्हणा, वाद राहणार नाही.

१५. त्या नासाच्या ‘मानवी कॉम्प्युटर’ महिलांपैकी होत्या का? आणि जुन्या सिनेमातली चेटकीण?

दोन्ही नाही. कॅथरीन जॉन्सन, डोरोथी व्हॉन या नासाच्या लँग्ली केंद्रात हाताने आकडेमोड करणाऱ्या, म्हणून ‘मानवी कॉम्प्युटर’ म्हटल्या गेलेल्या गणितज्ञ. हॅमिल्टन एमआयटीच्या नोकरीत होत्या, नासाच्या कधीच नाही. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधली चेटकीण झालेली नटी मार्गारेट हॅमिल्टन ही निव्वळ नावबहीण. योगायोग असा, की लुनार मॉड्यूलच्या कोडमध्ये ‘ऑफ टू सी द विझार्ड’ अशी त्याच सिनेमातली टीप सापडते.

१६. अपोलोनंतर काय? मानसन्मान मिळाला का?

१९७६ मध्ये सहकारी सेडीन झेल्डिन यांच्यासह ‘हायर ऑर्डर सॉफ्टवेअर’ आणि १९८६ मध्ये ‘हॅमिल्टन टेक्नॉलॉजीज’ या कंपन्या काढल्या. चूक झाल्यावर शोधण्यापेक्षा ती होऊच न देणारी पद्धत बनवायची, हा ध्यास.

मान उशिरा मिळाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिन्ही वीर जगाच्या दौऱ्यात मुंबईलाही येऊन गेले. सॉफ्टवेअरवाल्यांची नावं तेव्हा अमेरिकेतही कुणाला माहीत नव्हती. २००३ मध्ये नासाने ३७,२०० डॉलरचा पुरस्कार दिला, एका व्यक्तीला तोवर दिलेला सर्वांत मोठा. २२ नोव्हेंबर २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’. २०१७ मध्ये लेगोच्या ‘विमेन ऑफ नासा’ संचात त्यांची बाहुलीही आली, अर्थात थप्पीसकट.

१७. तो कोड आज बघता येतो का? चालवता येतो का?

दोन्ही येतं. ‘व्हर्च्युअल एजीसी’ (एजीसी म्हणजे अपोलो गायडन्स कॉम्प्युटर) या प्रकल्पातल्या हौशी मंडळींनी जुनी लिस्टिंग स्कॅन करून, ओळ न् ओळ टाइप करून ठेवली आहेत, आणि घरच्या कॉम्प्युटरवर चालणारा डिस्कीही बनवला आहे. २०१६ मध्ये हाच कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर चढला आणि सगळीकडे बातमी झाली.

हा कोड ज्या असेंब्ली भाषेत आहे ती येत नसेल तरी नुसत्या टिपा वाचा. इंजिन पेटवण्याच्या भागाचं नाव ‘बर्न बेबी बर्न’ आहे. डिस्कीच्या कोडचं शीर्षक ‘पिनबॉल गेम’ने सुरू होतं. आणि लुनार मॉड्यूलच्या कोडमध्ये दोन ओळींसमोर कुणीतरी लिहून ठेवलंय, की हे तात्पुरतं आहे, ‘आय होप होप होप’. त्या दोन ओळी तशाच चंद्रावर गेल्या.